पप्पांचं पान

वेलिंग्टनहून टौरंगाला येऊन वर्ष होत आलं, तरी रविवारी सकाळी मला कोथिंबीर आठवते. चर्चमधलं शेवटचं गीत सुरू झालं की हात आपोआप गाडीच्या किल्लीकडे जातो. इथे माझ्याकडे कुणी कोथिंबीर मागितलेली नाही. चर्च घरापासून पाच मिनिटांवर आहे आणि भाजी सुपरमार्केटात मिळते. पण तिथल्या जॉन्सनव्हिल उपनगरात काढलेल्या सात वर्षांत मी जवळजवळ दर रविवारी देवाच्या घरातून थेट भाजीबाजारात धावले. त्याला कारण माझा खोटेपणा, आणि तो सांगायचा तर काकूंपासून सुरुवात करायला हवी.

आम्ही २०११च्या हिवाळ्यात तिथे पोचलो. काकू आमच्याच रस्त्यावर चार घरं वरच्या बाजूला राहायच्या. मूळच्या पुण्याच्या, वय पंचावन्नच्या आसपास, बोलणं फटकळ आणि हात सढळ. घरात हीटर नाही हे कळताच त्या संध्याकाळी काकांच्या हातात हीटर देऊन स्वतः दोन रजया खांद्यावर टाकून आल्या. जॉन्सनव्हिलचा वारा माणसाला उभ्याने ढकलतो. त्या वाऱ्यात रजया सांभाळत चढ उतरणाऱ्या काकू मला अजून तशाच्या तशा दिसतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. निघताना त्या कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि मी कपाळ पुढे केलं.

एवढंच केलं मी. कपाळ पुढे केलं.

आमच्या घराला ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या. पप्पा नगरला शाळामास्तर होते आणि चर्चमध्ये पेटी वाजवायचे. आमचं आडनाव असं की त्यावरून काही कळू नये, आणि माझं नाव एका फुलाचं. आमच्यात मुलगी शिकली की नर्स नाहीतर मास्तरीण होते. मी फार्मासिस्ट झाले, हे माझं आयुष्यातलं एकमेव बंड. नवराही आमच्यातलाच, पण पुण्यात वाढलेला आणि कशाचंच फारसं मनावर न घेणारा. घरी परतताना तो म्हणाला की सांगून टाकायचं होतंस. मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगेन. पहिल्या दिवशी, रजया घेतल्या घेतल्या काय सांगायचं?

पुढच्या वेळी काकूंनी विचारलं की रविवारी सकाळी तुम्ही दोघं नटूनथटून कुठे जाता. मी म्हटलं, भाजीबाजारात. वेलिंग्टनला समुद्राजवळ रविवारी मोठा बाजार भरतो, तो मी नुकताच पाहिला होता, तोंडात आला. काकू खूश झाल्या आणि म्हणाल्या, मग माझ्यासाठी दोन जुड्या कोथिंबीर आणत जा. झालं. तेव्हापासून पाळकांचं प्रवचन लांबलं की मला घाम फुटायचा, कारण बाजारात उशिरा गेलं की उरायची ती पिवळी कोथिंबीर. एकदा तसलीच नेली तर काकू म्हणाल्या, सकाळी नऊला निघून हीच मिळाली का तुला?

त्यानंतर एकातून एक निघत गेलं. नाताळच्या करंज्यांचा वास त्यांच्या घरापर्यंत गेला तर मी म्हणायचे, दिवाळीत वेळ झाला नव्हता. त्यांच्याकडे जेवायला बसल्यावर चमचा पाडायचा आणि वाकून उचलता उचलता मनात प्रार्थना उरकायची, ही माझी पद्धत. काकू म्हणायच्या, ही मुलगी औषधं मोजते कशी देव जाणे, हिच्या हातात साधा चमचा टिकत नाही.

तुम्ही विचाराल, एवढं घाबरण्यासारखं काय होतं? न्यूझीलंडमध्ये कुणी कुणाला वाळीत टाकत नाही. खरं आहे. पण मराठी मंडळाच्या एका दिवाळीच्या कार्यक्रमात हट्ट नावाच्या उपनगरात नव्याने आलेल्या एका कुटुंबाचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं की ते कन्व्हर्टेड आहेत म्हणे, आणि दुसऱ्याने विचारलं, कशासाठी, गव्हासाठी की तांदळासाठी? सगळे हसले. वाईट माणसं नव्हती ती, माझ्या बाळंतपणात डबे पोचवणारीच होती. काकू तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. मीही हसले. घरी येऊन मी नवऱ्यावर, भांड्यांवर, सगळ्यांवर चिडले, आणि ज्या बाईवर चिडायला हवं होतं ती आरशात टिकली काढत होती.

चर्चमध्ये तरी सुख असावं, तर तिथल्या गोऱ्या आज्या मायेने हात धरून विचारायच्या की हिंदू धर्म सोडताना घरच्यांनी त्रास दिला का. माझ्या पणजोबांना विचारायला हवं, असं सांगितलं की त्या हिरमुसायच्या. पप्पांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

फोन रविवारी संध्याकाळी यायचा. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांचं चर्च सुटायची वेळ. "सलाम, बाळा," अशी सुरुवात, मग आज कोणती गाणी झाली, कोण बेसूर गायलं, आणि शेवटी आज मटण आहे ही आनंदाची बातमी. पप्पांचं मटण-भाकरीवर जितकं प्रेम होतं तितकं इतर कशावर नसावं. संडे स्कूलमध्ये ते गोष्टी सांगायचे त्या नुसत्या नसायच्या, नाटक असायचं. कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याची गोष्ट सांगताना ते कोंबड्याचा आवाज असा हुबेहूब काढायचे की शेजारचा खरा कोंबडा उत्तर द्यायचा. आम्ही पोरं हसून लोळायचो. त्या गोष्टीत हसण्यासारखं काही नाही हे मला फार उशिरा समजलं.

२०१३मध्ये मुलगी झाली आणि आई सहा महिन्यांसाठी आली. पप्पा आले नाहीत. मी गेलो तर पेटी कोण वाजवणार, असं म्हणाले. खरं म्हणजे त्यांना विमानाची भीती वाटायची.

आई कुंकू लावत नाही, कधीच लावलं नाही. मंगळसूत्र नाही, लग्नातली अंगठी तेवढी. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात एक बांगडी. गळ्यातला क्रूस स्वेटरच्या आत. काकूंनी तिला पाहिलं आणि त्यांचा आवाजच मऊ झाला. ओल्या नारळाच्या वड्या आणल्या, पाय चेपायचं यंत्र आणलं. मला वाटलं, बाळाच्या आजीचा मान ठेवताहेत.

संक्रांतीला त्यांचं हळदीकुंकू होतं. दोन दिवस आधी त्या मला दाराबाहेर डेकवर घेऊन गेल्या. म्हणाल्या, मी असलं काही मानत नाही, पण येणाऱ्या बायका मानतात, उगाच तुझ्या आईचं मन दुखायला नको. मला काही कळेना. मग त्यांनी माझा हात हातात घेतला.

"कधी गेले गं तुझे वडील?"

उन्हाळ्याचे दिवस होते, खाली कुणीतरी गवत कापत होतं. मला खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. माझे वडील नगरला आहेत, ठणठणीत आहेत, आई कुंकू लावत नाही कारण आम्ही ख्रिश्चन आहोत. पण त्या वाक्याच्या मागे अडीच वर्षांची कोथिंबीर होती, करंज्या होत्या, पडलेले चमचे होते.

"झाली बरीच वर्षं," मी म्हटलं.

आत फोनचा चार्जर शोधत आई पप्पांचं आवडतं गीत गुणगुणत होती.

आईला मी काही सांगितलं नाही. एकदा काकू तिला म्हणाल्या की एकटीने दिवस काढणं सोपं नसतं. आई म्हणाली, खरंय, पण रविवारी बोलते ना मी त्यांच्याशी, तेवढंच बरं वाटतं. काकूंनी डोळे पुसले आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, किती गं जीव असेल तुझ्या आईचा. मी मान हलवली. या प्रसंगावर हसावं की रडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण आई खुळी नव्हती. हळदीकुंकवाला आपल्याला का बोलावलं नाही, जाताना काकूंनी सगळ्यांना देतात तशी ओटी न भरता फिक्या रंगाची साडी हातात का दिली, हे तिने जुळवलं. एअरपोर्टच्या वाटेवर, बाळ मागे झोपलेलं असताना, समोर बघत ती म्हणाली, "पप्पांना मी हे सांगणार नाही. तुला जमेल तेव्हा तू सांग."

एवढं बोलून तिने पर्समधून आवळासुपारी काढली आणि मला दिली. आईने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

ते मला जमलं नाही. उलट गोष्ट वाढली. त्याच वर्षी सर्वपित्रीच्या आधी काकूंनी विचारलं की वडिलांचं काही करतेस का. नोकरी आणि लहान मूल यातून वेळ होत नाही, असं मी पुटपुटले. त्या म्हणाल्या, काळजी करू नकोस, सर्वपित्रीला कुणाचंही पान वाढता येतं, आमच्याकडे मी त्यांचं वाढेन. काय आवडायचं त्यांना?

पप्पांना मटण आवडायचं. म्हणजे आवडत होतं, आदल्याच रविवारी त्यांनी ते खाल्लं होतं. शुद्ध शाकाहारी घरात मी काय सांगणार? काकूंच्या हातचं अळू फर्मास व्हायचं, म्हणून म्हटलं, अळूचं फदफदं. पप्पांच्या घशाला अळू खाजायचं, ते त्याला शिवायचेसुद्धा नाहीत.

तेव्हापासून दर वर्षी काकू आदल्या शनिवारी पहाटे उठून पोरीरुआच्या बाजारात सामोअन बायकांकडून अळूची पानं आणायच्या. केळीचं पान फ्रोझन मिळायचं ते कोमट पाण्यात सोडवायच्या. त्यावर साग्रसंगीत वाढून पान हिरवळीवर ठेवायच्या. इथे कावळे नाहीत, म्हणून त्यांनी ब्लॅकबर्डला कावळ्याचा मान दिला होता. काळा तर आहे ना, म्हणायच्या. तो पक्षी आला आणि त्याने भाताला चोच लावली की काकू माझ्याकडे वळून म्हणायच्या, बघ, तृप्त झाले. आणि नगरला पप्पा तेव्हा साखरझोपेत असायचे.

अशी चार वर्षं, चार पानं. चौथ्या वर्षी माझी मुलगी चार वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. काकूंनी तिला सांगितलं की हे तुझ्या आजोबांचं पान. ती म्हणाली, "बट आय टॉक टू हिम ऑन संडे."

काकूंनी तिला जवळ घेतलं. "हो गं राणी. तुझी आजीही बोलते."

रविवारी मी पप्पांशी बोलले तेव्हा ठरवलं होतं की आधी त्यांना सांगायचं, मग काकूंना. पण पप्पा नव्या पेटीविषयी बोलत होते. दिल्लीहून मागवली होती, सूर गोड होता, डाव्या बाजूची एक पट्टी अडकत होती. त्यांचा आनंद मोडवेना. हे कारण झालं. माझ्याकडे कारणं पुष्कळ असायची.

२०१८च्या जुलैमध्ये पप्पा गेले. सकाळी चर्चमधून आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले. रविवारच्या फोनची वेळ होती, म्हणून मी फोन वाजताच आनंदाने उचलला. पलीकडे आई होती. मी निघते म्हटलं तर तिने नको म्हणून सांगितलं, दुसऱ्या दिवशी माती होती आणि मी पोचले नसते. ती माती मी फोनवर पाहिली. चर्चमधला एक तरुण पेटी वाजवत होता. ती डाव्या बाजूची पट्टी अजून अडकत होती.

दोन दिवस आमची गाडी जागची हलली नाही हे काकूंनी हेरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन त्या आल्या. माझा चेहरा बघून त्यांनी डबा खाली ठेवला. मी म्हटलं, घरात गमी झाली, वडील गेले.

"सासरे का गं?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. सुटका वाटली. त्यांनी आपण होऊन दार उघडून दिलं होतं. नुसती मान हलवायची, की काकू माझ्या जवळ बसल्या असत्या, डबे आले असते, चार बायका भेटायला आल्या असत्या. मला कुणाच्या तरी गळ्यात पडून रडायचं होतं आणि समोर काकूच होत्या. सासरे पुण्यात धडधाकट होते. आणखी एक जिवंत माणूस मारला की झालं. आणि पप्पा? त्यांच्यासाठी या रस्त्यावर कुणीच रडायचं नाही, कारण ते इथे साडेचार वर्षांपूर्वीच मेले होते. मीच मारलं होतं.

"नाही, काकू," मी म्हटलं. "माझे पप्पा. रविवारी गेले. तुम्ही विचारलंत तेव्हा ते जिवंत होते. आम्ही ख्रिश्चन आहोत. आईच्या कपाळाला कुंकू नसतं ते त्यामुळे."

काकू उभ्याच होत्या. चर्चविषयी, धर्माविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. मनात त्या मागचे एकेक दिवस उलटवून पाहत असाव्यात.

"चार वर्षं मी एका जिवंत माणसाचं पान वाढलं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून. आणि तू शेजारी उभी राहून बघत होतीस."

त्या निघून गेल्या. डबा तिथेच राहिला. रिकामा डबा द्यायला जायचं धैर्य मला झालं नाही, तो धुऊन मी ओट्यावर ठेवला आणि अडीच महिने तो तिथेच होता. मॉलमध्ये त्या दिसल्या तर मान वळवायच्या नाहीत, पण थांबायच्याही नाहीत. मंडळात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. ते मीच एकेकाला सांगितलं. कुणी म्हणालं त्यात काय एवढं, कुणी विषय बदलला, आणि तांदळाचा विनोद करणारा तो गृहस्थ मला पाहून दुसऱ्या रांगेत बसू लागला. यासाठी मी सात वर्षं धावत होते. रविवारी आता कोथिंबीर आणायची नसायची, तरी मी बाजारात जायचे आणि दोन जुड्या घेऊन यायचे. घरात कोथिंबीर सडायची आणि नवरा ती टाकून द्यायचा.

ऑक्टोबरमध्ये, सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी, काकूंचा फोन आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"यंदा पान वाढायचं की नाही? आता तर ते खरंच गेले."

वाढा, असंच माझ्या तोंडात आलं होतं. काकूंना बरं वाटलं असतं, मिटलं असतं सगळं. पप्पाही हसले असते, बिचाऱ्या पक्ष्याचं पोट भरलं तर भरू दे म्हणाले असते. पण मला माझी ती जुनी सवय ओळखू आली. कपाळ पुढे करायची.

"नको, काकू," मी म्हटलं. "आमच्यात वाढत नाहीत."

आमच्यात. हा शब्द मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला.

मग त्यांनी विचारलं, "खरं काय आवडायचं त्यांना? अळू नसणार."

"मटण."

"ते माझ्या घरात होणार नाही. दुसरं सांग."

"ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी."

"पितरांना लसूण चालत नाही," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "पण तुमच्यात पितरच नाहीत म्हणतेस, तर चालेल. मंगळवारी दुपारी ये. डबा आण माझा."

मी रजा काढून गेले. हिरवळीवर त्यांच्या घरची पानं मांडून झाली होती आणि तो ब्लॅकबर्ड कुंपणावर वाट बघत होता. माझं पान आत टेबलावर होतं, काकूंच्या पानाशेजारी. भाकरीच्या कडा चिरल्या होत्या. काकूंनी भाकरी जन्मात थापली नव्हती. चटणी लालभडक होती, घरभर लसणाचा वास होता आणि काका मुकाट्याने खिडक्या उघडत होते.

मी बसले. चमचा नव्हताच, पाडायला काही नव्हतं. मी हात जोडले, डोळे मिटले आणि पप्पा म्हणायचे ती जेवणाची प्रार्थना मोठ्याने म्हटली. या अन्नासाठी उपकार, ते रांधणाऱ्या हातांसाठी उपकार. पुढे पप्पांचं नाव आलं. मी थांबले, पुन्हा सुरू केलं, आणि आमेनपर्यंत पोचले.

डोळे उघडले तेव्हा काकूंनी अजून घास उचलला नव्हता. डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून त्या बसल्या होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं. "मग जेव. त्यांच्या वाटचंही."